आधी खरेदीची तलफ आवरा, बजेट नंतर

मिळकतीपेक्षा कमी पैशांत कसं जगावं यावर सल्ल्यांची कमतरता नाही. खर्च लिहा, गरज आणि चैन वेगळी करा, महिन्याच्या सुरुवातीलाच शिल्लक बाजूला टाका. सल्ले बरोबरच आहेत, पण ते देणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोरच्याचा हात त्याच्या ताब्यात आहे. ज्याला खरेदीची तलफ येते त्याचं तसं नसतं. तो पगार झाल्या दिवशी नेटकं बजेट मांडतो आणि आठवड्याभरात ते मोडतो. मग स्वतःलाच नावं ठेवतो. त्या खजील वाटण्यावर उतारा म्हणून आणखी काहीतरी मागवतो. अशी दोन-चार बजेटं मोडली की 'आपल्याला हे जमणारच नाही' अशी खूणगाठ मनाशी पक्की होते, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं.

म्हणून इथला क्रम वेगळा ठेवला आहे. आधी पैसा हातातून सुटण्याचा वेग कमी करायचा. मग तलफ कधी, कशाने येते ते शोधायचं. त्यानंतर कर्ज. बजेट अगदी शेवटी.

पायरी १: आपलं दुखणं नेमकं कोणतं?

'खर्च हाताबाहेर गेलाय' असं आपण तीन निरनिराळ्या परिस्थितींत म्हणतो.

पहिलीत मिळकतच अपुरी असते. घरभाडं, अन्न, औषधं, प्रवास आणि मुलांचं शिक्षण एवढ्यातच पैसा संपत असेल, तर तुम्ही उधळे नाही आणि या लेखातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्यासाठी नाहीत. तुमचा प्रश्न मिळकत वाढवण्याचा आणि मिळू शकणारी मदत मिळवण्याचा आहे. काटकसरीचे सल्ले ऐकून अपराधी वाटून घेऊ नका.

दुसरीत हात सैल असतो. मिळकत पुरेशी, पण हिशेब कोणी ठेवलेलाच नाही. अशा माणसाने दोन-तीन महिने खर्च लिहिला तरी बराच फरक पडतो. त्याने थेट आठव्या पायरीवर गेलं तरी चालेल.

तिसरी परिस्थिती तलफेची. ती ओळखायची असेल तर हे प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तरं खरी द्या. घेतलेल्या वस्तू न उघडता पडून राहतात का? किमतीची लेबलं काढून टाकता का, घरच्यांना किंमत कमी करून सांगता का? घेण्याआधी अंगात एक अस्वस्थपणा, घेताना हलकं, आणि थोड्या वेळाने शरम, असं चक्र फिरतं का? थांबायचं ठरवून थांबता आलं नाही, असं वारंवार झालंय का? आणि सगळ्यात बोलका प्रश्न: वस्तू बदलत राहते, पण घ्यायची वेळ आणि त्या वेळची मनःस्थिती तीच असते का? बहुतेक उत्तरं 'हो' असतील तर वस्तूंचा मोह हा तुमचा मूळ प्रश्न नाही. एखाद्या भावनेतून सुटण्यासाठी तुमच्या हाताशी खरेदी हा एकच रस्ता उरला आहे.

ही काही मोबाइलच्या जमान्याची देणगी नव्हे. एमिल क्रेपेलिन आणि ऑयगेन ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच अशा खरेदीच्या वेडाचं वर्णन करून ठेवलं होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये मात्र आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांच्या 'इतर' गटात त्याचा उल्लेख येतो. प्रमाण किती? अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढांपैकी ५.८ टक्के लोकांमध्ये अशी लक्षणं दिसली, आणि स्त्रिया व पुरुष यांच्यात जवळपास फरक नव्हता. २०१६ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा ४.९ टक्के होता. म्हणजे साधारण वीस माणसांत एक. 'खरेदीचं वेड बायकांना' हा समज सोडून द्यायला एवढं पुरे व्हावं.

दोन गोष्टी मात्र इथेच तपासा, कारण त्यांत उशीर परवडत नाही. आजवर हात आखडता ठेवणारा माणूस अचानक बेफाम खर्च करू लागला, त्याची झोप कमी झाली तरी थकवा नाही, बोलणं आणि बेत दोन्ही सुसाट सुटलेत, असं असेल तर तो बायपोलर विकारातला उन्मादाचा टप्पा असू शकतो. तिथे डॉक्टरच हवा, हिशेबाची वही नको. दुसरं, पार्किन्सन्सवर, म्हणजे कंपवातावर, दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांना खरेदीचा किंवा जुगाराचा नाद लागतो. सुमारे ३,००० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात ५.७ टक्के जणांत खरेदीचा नाद आढळला होता. घरात असं कोणी असेल तर त्यांच्या स्वभावाला दोष देण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

पायरी २: पैशाच्या वाटेत अडथळे उभे करा

हे आजच करायचं. समजून घेणं नंतर होईल, गळती आधी थांबली पाहिजे.

तलफ आणि पैसे भरणं यांच्यामध्ये पूर्वी बरंच काही असायचं. दुकानापर्यंत जाणं, रोख मोजणं, सामान घरी आणणं. प्रत्येक टप्प्यावर माणूस माघारी फिरू शकत असे. ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदीचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं. ते २०१७ मध्ये संपलं आणि ती सोय कोणालाही वापरायला मोकळी झाली. व्यापाराच्या दृष्टीने अडथळा म्हणजे बुडालेली विक्री, म्हणून सगळं कौशल्य अडथळे काढण्यात ओतलेलं असतं. तुम्हाला ते एकेक करून परत बसवायचे आहेत.

फोन हातात घ्या. प्रत्येक खरेदीच्या ॲपमध्ये आणि ब्राउझरमध्ये साठवलेली कार्डं काढून टाका. नंतर ॲपही काढा. घ्यायचंच झालं तर संगणकावर बसून, पासवर्ड टाकून, कार्डाचा नंबर हाताने भरून घ्या. सवलतीचे निरोप, ईमेल, सूचना सगळं बंद. 'आता घ्या, नंतर भरा' छापाची खाती बंद करा. कर्जाच्या मर्यादेवर चालणारी कार्डं कपाटाच्या तळाशी ठेवा, आणि मर्यादा कमी करून द्यायला बँकेला लेखी कळवा. एकच कार्ड जवळ ठेवायचं, तेही ज्यातून खात्यात आहे तेवढेच पैसे जातात असं.

त्यानंतर दोन खाती करा. मिळकत येते त्या खात्यातून भाडं, वीज, हप्ते जातील. दर आठवड्याला ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जाईल आणि रोजचा खर्च फक्त तिथून होईल. महिन्याऐवजी आठवडा धरायचं कारण सरळ आहे. महिना मोडला तर सावरायला तीन आठवडे वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात माणूस हात टेकतो. आठवडा मोडला तर चार दिवसांत नवा सुरू होतो.

रोखीने खर्च कमी होतो असं जुने लोक सांगतात. त्याला प्रयोगाचा आधार आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सामन्यांच्या तिकिटांसाठी खऱ्या बोली लावून घेतल्या. काहींना रोख भरायची होती, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली कितीतरी मोठ्या निघाल्या, काही तिकिटांच्या बाबतीत तर दुपटीच्या आसपास. पैसे देताना मनाला जी टोचणी लागते ती कार्डाने बोथट होते. तलफ असलेल्या माणसाला ती टोचणी हवीच असते. ज्या एका-दोन बाबतींत तुमचा तोल जातो, तिथे तरी रोख वापरा.

पायरी ३: नोंद ठेवा, पण पैशांची नव्हे

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही मला सर्वांत मोलाची वाटते, आणि लोक नेमकी हीच टाळतात. खर्चाच्या नेहमीच्या वहीत वस्तू आणि रक्कम असते. ती वही तलफेबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या वहीत सहा रकाने हवेत: वेळ, मी कुठे होतो, त्याआधी काय घडलं, मनात काय चाललं होतं, किती गेले, आणि तीन दिवसांनी त्या वस्तूबद्दल काय वाटतं. शेवटचा रकाना त्या दिवशी रिकामा सोडायचा. तो नंतर भरायचा असतो.

एक नोंद कशी दिसेल ते पाहू. 'रात्री पावणेबारा. अंथरुणात, दिवे बंद. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर काम परत केलं, घरी कोणाला सांगितलं नाही. छातीत धडधड, झोप नाही. हेडफोन घेतले, आधीचे चालू आहेत. मिळकतीचे साडेतीन टक्के.' आणि तीन दिवसांनी: 'खोका आला. उघडला नाही. परत करायचाय, पण कोणी विचारलं तर काय सांगू.' या नोंदीत हेडफोन ही सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. गाठ संध्याकाळी पडलेली आहे, आणि ती कोणाला सांगितली नाही यात आहे.

महिनाभर असं लिहिलं की पानं आपोआप बोलू लागतात. कोणाच्या नोंदी रात्री अकराच्या पुढच्या निघतील. कोणाच्या घरातल्या भांडणानंतरच्या. कोणी चांगली बातमी आली की स्वतःला बक्षीस देत सुटतो. कोणी पगाराच्या दिवशीच घसरतो. काहींची खरेदी फक्त दुसऱ्यांसाठी असते, भेटवस्तू देऊन आपलेपणा मिळवण्याची. ही सगळ्यांत अवघड, कारण तिला उदारपणाचं नाव मिळतं आणि कोणी टोकत नाही.

खरेदी झाली नाही पण तलफ आली, तेही लिहा. ती नोंद जास्त कामाची. तेव्हा काय वेगळं झालं हे त्यातून कळतं.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही छापून लोकांच्या हाती दिली. तशी वही हाताने भरण्याची चाल तिथे अजून आहे. हाताने लिहायला वेळ लागतो, लिहिताना माणूस थांबतो. या पायरीपुरतं तरी ॲप नको, कागद बरा.

पायरी ४: तलफ आल्यावर पहिला तास

आयोवा विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड ब्लॅक यांनी अशा खरेदीचे चार टप्पे मांडले आहेत: मनात घोळणं, तयारी, खरेदी, आणि पैसे देणं. बहुतेक जण चौथ्या टप्प्यावर स्वतःला आवरू पाहतात. तिथे ते सर्वांत कठीण असतं. घोळ सुरू होतो तिथेच, म्हणजे वस्तूंची तुलना, परीक्षणं वाचणं, 'नुसतं बघतोय' यातच हात घालायला हवा.

याला शरीराचंही कारण आहे. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सवय झाल्यावर मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी बक्षीस मिळताना उद्दीपित होत नाहीत. बक्षीस मिळणार ही खूण दिसली की त्या उद्दीपित होतात. खरेदीलाही हेच लावून पाहा. मजा खोका उघडण्यात कमी आणि त्याची वाट पाहण्यात जास्त असते. न उघडलेले खोके का साठतात याचं कोडं यातून बरंचसं सुटतं. मागवून झालं तेव्हाच हवं ते मिळालेलं असतं.

मग करायचं काय? तलफेशी हुज्जत घालू नका. 'मला हे नको' असं स्वतःला पटवत बसलात तर मन दुप्पट कारणं शोधून आणतं. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट लोकांना ऊर्मीकडे फक्त पाहत राहायला शिकवत: ती चढते, माथ्यावर जाते, ओसरते. छाती, पोट, बोटं यांत ती कुठे जाणवते ते पाहा. पहिल्या काही वेळा ती ओसरणार नाही असं वाटेल. ओसरते.

त्याच्या जोडीला आधीच ठरवलेलं 'जर–तर' हवं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की 'मी खर्च कमी करीन' या मोघम निश्चयापेक्षा 'अमुक झालं तर मी तमुक करीन' हे जास्त वेळा पाळलं जातं. वहीतली तुमची धोक्याची वेळ उचला आणि तिच्यासाठी एक वाक्य लिहा. 'रात्री अकरानंतर खरेदीचं पान उघडावंसं वाटलं, तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून येईन.' 'भांडण झालं, तर चपला घालून अर्धा तास चालून येईन आणि अमुकला फोन करीन.' वाक्य इतकं नेमकं हवं की त्या क्षणी विचार करायची वेळच येऊ नये.

आणि थांबा यादी. हवीशी वाटलेली प्रत्येक वस्तू तारखेसह कागदावर लिहायची आणि ठरलेले दिवस थांबायचं. छोट्या वस्तूला आठवडा, मोठीला महिना. ॲपमधली आवडीची यादी यासाठी वापरू नका, ती रोज आठवण करून देते. मुदत संपल्यावरही वस्तू हवी असेल आणि त्या बाबतीत बाजूला काढलेले पैसे असतील, तर खुशाल घ्या. आनंदाने घ्या, लपवू नका. स्वतःला सगळंच नाकारणारा माणूस काही आठवड्यांनी एकदम सुटतो.

पायरी ५: खरेदीने जे मिळत होतं ते दुसरीकडून मिळवा

या पायरीला लेखात जागा कमी लागेल, आयुष्यात जास्त. वहीतून तुमच्या खरेदीमागची भावना कळली की तिला दुसरं उत्तर द्यावं लागतं. एकटेपणातून खर्च होत असेल तर माणसं हवीत. कामातल्या अपमानातून होत असेल तर ते सांगायला कोणीतरी हवं. कंटाळ्यातून होत असेल तर हाताला काम हवं. 'सगळं हातातून निसटलंय' या भावनेतून होत असेल तर छोटं, पूर्ण होणारं काहीतरी, अगदी एक कप्पा आवरण्याइतकं. दुःखी असताना माणूस त्याच वस्तूला जास्त किंमत द्यायला तयार होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून वाईट दिवशी पैशाचा कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही, एवढा एक नियम तरी घरात लावून घ्या.

पायरी ६: कर्जाचं पूर्ण चित्र

सगळी कर्जं एका कागदावर. कोणाला, किती, व्याज किती, कमीत कमी किती भरावं लागतं. मित्राकडून घेतलेले उसनेही. न उघडलेली पत्रं उघडा. शक्यतो एकट्याने करू नका, विश्वासातलं माणूस शेजारी बसवा.

कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर ते ऐकायला किरकोळ वाटतं. ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतं, आणि काहीच न भरल्यास रक्कम दोन वर्षांत दुप्पट. आता समजा थकबाकी १०० आहे आणि तुम्ही दर महिन्याला किमान म्हणून उरलेल्या रकमेच्या ५ टक्के भरता, नवी खरेदी शून्य. वर्षभरात तुम्ही सुमारे ५५ भरता आणि कर्ज उतरतं फक्त २३ ने. बाकीचे ३२ व्याजात जातात. कर्ज कमी होत जातं तसा किमान हप्ताही कमी होतो, म्हणून जवळपास नऊ वर्षांनंतरही १० शिल्लक राहतात. तेच तुम्ही पहिल्या महिन्यात भरलेली ५.१५ ही रक्कम न घटवता भरत राहिलात तर कर्ज तीस महिन्यांत फिटतं. पहिल्या महिन्याला एक पैसाही जास्त न देता. किमान रकमेची सवय मोडण्यासाठी यापेक्षा मोठं कारण मला माहीत नाही.

अनेक कर्जं असतील तर सगळ्यांना किमान रक्कम देऊन वरचा पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर टाका. हिशेबाने हाच मार्ग स्वस्त. काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवतात, कारण एक नाव खोडलं की हुरूप येतो. व्याजदरांत फार फरक नसेल तर त्यालाही माझी ना नाही. तलफ असलेल्या माणसाला हुरूप लागतो.

सगळी कर्जं एकत्र करून कमी व्याजाचं एकच मोठं कर्ज घ्यायचा सल्ला मात्र जपून घ्या. कार्डं रिकामी होतात, मर्यादा मोकळी होते, आणि तलफ अजून तिथेच असते. कार्डं बंद केल्याशिवाय हे पाऊल उचलू नका. फेड अशक्यच दिसत असेल तर कर्ज देणाऱ्याशी स्वतःहून बोला, लपू नका. हप्ता थकण्याआधी बोलणाऱ्याला जास्त पर्याय मिळतात.

पायरी ७: घरातल्यांसाठी

हा भाग घरच्यांनी वाचावा. कर्ज फेडून टाकून विषय मिटवू नका. सावकार गेला तरी तलफ राहते, आणि 'कोणीतरी निस्तरेल' ही खात्री पक्की होते. द्यायचेच असतील तर कार्डं बंद झाल्यावर, आणि थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात.

फोन तपासणं, खोके मोजणं, पाहुण्यांसमोर टोमणे मारणं यांनी खरेदी थांबत नाही, लपवालपव वाढते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्धा तास बसा, खातं दोघांनी पाहा. त्या अर्ध्या तासाबाहेर पैशावर बोलायचं नाही. आणि संमतीशिवाय कोणाच्याही कमाईवर ताबा मिळवू नका. काळजी म्हणून सुरू झालेला ताबा लवकरच जाच होतो.

पायरी ८: आता बजेट, आणि मोकळी फट

इथवर यायला काही महिने लागतील. आता हात थोडा ताब्यात आला आहे, म्हणून आकड्यांना अर्थ आहे.

मिळकत १०० धरा. ९० खर्चून १० वाचवले, तर एका महिन्याचा खर्च साठायला नऊ महिने लागतात. ८० खर्चून २० वाचवले, तर चार महिने. ७० वर आलात तर अडीच महिन्यांच्या आत. ५० वर आलात तर एकच महिना. खर्च कमी केला की शिल्लक वाढते आणि ती शिल्लक पुरेल असा काळही वाढतो, कारण जगायला लागतंच कमी. सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी पहिल्या माणसाला साडेचार वर्षांनी जमेल, दुसऱ्याला दोन वर्षांनी.

मिळकत आणि खर्च यांच्यातली ही फट पाडायची कुठून? मोठ्या आणि ठरावीक खर्चांपासून सुरुवात करा: घर, वाहन, हप्ते, विमा, वर्गण्या. चहा-कॉफीवर नैतिक उपदेश करण्यात लोक वेळ घालवतात, पण तिथे रोज मन मारावं लागतं आणि हाती फारसं येत नाही. घर किंवा गाडी एका पायरीने साधी केली तर निर्णय एकदाच घ्यावा लागतो आणि बचत दरमहा होते. ज्याच्या इच्छाशक्तीवर आधीच ताण आहे, त्याने एकदाच घ्यायचे निर्णय शोधावेत.

वर्षातून एकदा येणारे खर्च विसरू नका. विमा, शाळेची फी, दुरुस्ती, सण-समारंभ, भेटवस्तू. गेल्या वर्षाचे असे सगळे खर्च लिहून बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. 'अचानक खर्च आला' अशी तक्रार ज्यांची असते त्यांच्यापैकी पुष्कळांचा खर्च दरवर्षी त्याच महिन्यात येत असतो.

मनमानी खर्चालाही बजेटात जागा ठेवा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण तिचा हिशेब कोणाला द्यावा लागू नये.

आणि पगारवाढ. मिळकत वाढली की राहणीमान मागोमाग चढतं, आणि काही महिन्यांत तेच पुन्हा अपुरं वाटू लागतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये एका योजनेचे निकाल मांडले. कामगारांनी पुढच्या पगारवाढीतला भाग बचतीत टाकायचं आधीच कबूल केलं होतं. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारा पैसा एकदाही कमी झाला नाही, म्हणून ते टिकलं. तुम्हीही पुढच्या वाढीच्या निम्म्या रकमेची सूचना वाढ मिळण्याआधीच बँकेत देऊन ठेवा.

घसरल्यावर

घसरण होईल. त्या दिवशी तीन कामं, याच क्रमाने. परत करता येईल ते चोवीस तासांत परत करा. वहीत नोंद करा, सहाही रकाने. आणि एका माणसाला सांगा. 'आता मोडलंच आहे तर या महिन्यात काय उरलंय' हा विचार त्या एका खरेदीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

काही महिने सगळं करूनही तलफ तितकीच राहिली, कर्ज वाढतच गेलं, झोप किंवा नातं बिघडलं, तर मानसशास्त्रज्ञाकडे जा. विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, या त्रासावर गटात देऊन तपासली गेली आहे आणि तिचा उपयोग दिसला आहे. औषधांचे निकाल संमिश्र आहेत, पण सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर तिच्यावरचे उपचार डॉक्टर सुचवतील. १९७६ पासून न्यूयॉर्कमध्ये सुरू असलेली आणि तिथून पसरलेली डेटर्स अनॉनिमस ही स्वमदत संघटना बैठकांतून काम करते. कर्ज आणि खर्चाच्या ओढीतून गेलेली माणसं तिथे एकमेकांना भेटतात. भेटीला जाताना वही बरोबर न्या. आपलं दुखणं पहिल्या भेटीत शब्दांत मांडणं अवघड जातं, तेव्हा ती पानं समोर ठेवली तरी डॉक्टरांना किंवा सल्लागाराला पुढचे प्रश्न विचारता येतात. आणि जगण्याचा कंटाळा आलाय असे विचार मनात घोळत असतील, तर वहीची, कर्जाची, कशाचीच वाट न पाहता आजच कोणालातरी सांगा आणि डॉक्टर गाठा.